इतकी वर्षं एकाच कंपनीचा कॅमेरा का? एका प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न असा आला आहे: "वर्षभर मावसभावाच्या कॅमेऱ्यावर शिकतो आहे. आता स्वतःचा घ्यायचा आहे. ज्याला विचारावं तो आपल्याच कंपनीचं गुणगान करतो. तुम्ही तीस वर्षं निकॉनच वापरता असं कळलं. तो सगळ्यात चांगला म्हणून, की आणखी काही कारण? फोटोग्राफरचं एखाद्या कंपनीशी जमतं तरी कसं?"

तुम्ही विचारलंत तेव्हा लक्षात आलं, की निकॉन मी कधी निवडलाच नाही. मी ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सरांकडे निकॉनच्या दोन एफएम२ बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे, होत्या आणि २८, ५० आणि १०५ मिलिमीटरच्या तीन लेन्स. पहिले काही महिने माझं काम रोल भरायचा, लेन्स पुसायच्या आणि सरांनी हात मागे केला की योग्य लेन्स त्या हातात द्यायची. फिल्म ओढायचा लिव्हर जरा बाहेर काढला की प्रकाश मोजणारा मीटर जागा व्हायचा आणि व्ह्यूफाइंडरच्या उजव्या कडेला अधिक, शून्य, उणे असे तीन लाल दिवे दिसायचे. प्रकाश मोजणं म्हणजे काय ते मी त्या तीन दिव्यांवर शिकले. बॅटरी लागायची ती फक्त त्या मीटरला. शटर पूर्ण यांत्रिक, बॅटरी संपली तरी सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंत चालायचं. सर मुद्दाम बॅटरी काढून ठेवत आणि अंदाजाने एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा ते, लावायला लावत.

पुढे स्वतःची बॉडी घ्यायची वेळ आली तेव्हा सर म्हणाले, "निकॉनची घेतलीस तर माझ्या लेन्स तुझ्याच आहेत." मी आणखी कुठे पाहिलंच नाही. नंतर कित्येक सहकाऱ्यांना त्यांची सुरुवात विचारली, आणि बहुतेकांची कथा अशीच निघाली. कुणाच्या वडिलांचा कॅमेरा, कुणाच्या कॉलेजच्या क्लबचा, कुणाला नोकरी लागली तिथे कपाटात होता तो. तुलना करून, तक्ते वाचून निवडलेला पहिला कॅमेरा मला क्वचितच भेटला. तुलना बहुधा नंतर येते, झालेल्या निवडीला कारणं पुरवायला.

तुमच्या बाबतीत मावसभावाचा कॅमेरा हेच करतो आहे. त्यात वाईट काही नाही. फक्त तो नेमकं काय काय करतो आहे ते कळलं पाहिजे, कारण त्यातला काही भाग तीन आठवड्यांत पुसता येतो आणि काही भाग आयुष्यभर पुरतो.

आधी लेन्सच्या माउंटबद्दल, कारण फोटोग्राफर कंपनीला बांधला जातो तो बॉडीमुळे नव्हे, माउंटमुळे. माउंट म्हणजे बॉडीच्या तोंडावरचं धातूचं कडं, ज्यात लेन्स फिरवून बसते. प्रत्येक कंपनीचं कडं वेगळं असतं, आणि कड्यापासून फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंतचं अंतरही ठरलेलं असतं. निकॉनने १९५९ साली निकॉन एफ बरोबर एफ माउंट आणला, त्यात हे अंतर ४६.५ मिलिमीटर. कॅननने १९८७ साली ईएफ माउंट आणला, त्यात ४४ मिलिमीटर. या अडीच मिलिमीटरांमुळे निकॉनची लेन्स पातळ अडॅप्टर लावून कॅननवर बसायची आणि दूरवर नीट फोकसही व्हायची. उलट मात्र जमायचं नाही. कॅननची लेन्स निकॉनवर बसवली तर ती सेन्सरपासून गरजेपेक्षा लांब पडणार आणि दूरचं काहीच स्पष्ट होणार नाही, मध्ये काचेचा भिंगतुकडा घातल्याशिवाय. बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स वीस वर्षं टिकते. तीन-चार लेन्स जमल्या की माणूस त्या लेन्सना साजेशी बॉडी घेत राहतो आणि बाहेरच्यांना ती निष्ठा वाटते.

या बंधनाचा सगळ्यात मोठा धडा कॅनन वापरणाऱ्यांना मिळाला. १९७१ पासूनचा त्यांचा एफडी माउंट कंपनीने १९८७ मध्ये बाजूला ठेवला आणि ईओएस मालिका नव्या माउंटवर सुरू केली. ज्यांच्याकडे एफडीच्या लेन्सची भरलेली बॅग होती त्यांना त्या लेन्स नव्या बॉडीवर सरळ वापरता येईनात. बरेच जण दुखावले, आणि ते समजण्यासारखं आहे. पण या निर्णयाची दुसरी बाजूही खरी आहे. ईएफ माउंटमध्ये बॉडी आणि लेन्स यांच्यात एकही यांत्रिक दांडी नव्हती. सगळा संवाद विजेच्या संपर्कबिंदूंतून, आणि फोकस करणारी मोटर प्रत्येक लेन्सच्या आत, त्या लेन्सच्या वजनाला साजेशी. मोठ्या टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या, लेन्स झपाट्याने फोकस करू लागल्या आणि पुढच्या काही वर्षांत खेळाचे फोटो काढणारे मोठ्या संख्येने कॅननकडे गेले. मैदानाच्या कडेला पांढऱ्या लेन्सची रांग दिसायला लागली ती तेव्हापासून. तो पांढरा रंगही दिखाव्यासाठी नाही. त्या लेन्समधलं फ्लोराइट या स्फटिकाचं भिंग उष्णतेने प्रसरण पावतं, म्हणून उन्हात लेन्स कमी तापावी यासाठी तो दिला गेला.

निकॉनने उलट वाट धरली, माउंट तोच ठेवला. आमच्यासारख्यांना त्याचं फार अप्रूप होतं. पण माउंट तोच म्हणजे सगळं चालतं असं नाही, हेही स्वच्छ सांगायला हवं. १९७७ पूर्वीच्या काही लेन्स पुढच्या बॉडींवर तशाच बसवल्या तर मीटरची पट्टी मोडू शकते. २००६ च्या डी४० मध्ये फोकसची मोटर नव्हती, त्यामुळे जुन्या ऑटोफोकस लेन्स त्यावर हातानेच फिरवाव्या लागायच्या. माझी ८५ मिलिमीटरची एएफ-डी, म्हणजे आत मोटर नसलेली जुनी ऑटोफोकस लेन्स आज मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, बॉडीवर अडॅप्टरने बसते, फोटोही सुंदर देते, पण फोकस मीच करते, कारण अडॅप्टरमध्ये मोटर नाही. "आमच्या कंपनीत सगळ्या जुन्या लेन्स चालतात" असं कुणी सांगितलं तर पुढचा प्रश्न असा विचारावा: कोणती लेन्स, कोणत्या बॉडीवर, आणि काय काय चालतं?

गेल्या काही वर्षांत हे बंधन बरंच सैल झालं आहे. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्याने कडं सेन्सरच्या खूप जवळ आलं. निकॉनच्या झेड माउंटमध्ये १६ मिलिमीटर, सोनीच्या ई मध्ये १८, कॅननच्या आरएफ मध्ये २०. मध्ये भरपूर जागा मोकळी झाल्याने जवळजवळ कोणतीही जुनी लेन्स अडॅप्टरने बसू शकते. शिवाय पॅनासॉनिक, लायका आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एकच एल माउंट वापरायचं ठरवलं, आणि ऑलिंपस-पॅनासॉनिकचा मायक्रो फोर थर्ड्स तर २००८ पासून सामायिक आहे. म्हणजे माझ्या पिढीला जी भिंत होती ती तुमच्यासमोर कंबरेएवढीच आहे. ऑटोफोकस मात्र आजही आपापल्या कंपनीच्या लेन्सवर सगळ्यात भरवशाने चालतो, हे धरून चाला.

माउंटनंतर हात. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि ते मला एका प्रयोगातून कळलं. माझ्याकडे निकॉन डी७०० होता आणि एका सहकाऱ्याकडे कॅनन ५डी मार्क २. दोन्ही २००८ चे. आम्ही दोघं नृत्य आणि नाटकांचे फोटो काढायचो आणि आमचा जुना वाद होता. शेवटी ठरवलं, तीन आठवडे बॅगा बदलायच्या. पूर्ण बॅगा, लेन्ससकट.

पहिल्याच संध्याकाळी नृत्याचा प्रयोग होता. रंगमंचावर प्रकाश क्षणाक्षणाला बदलतो, त्यामुळे मी एक्स्पोजर हाताने लावते. निकॉनवर नेहमीच्या मांडणीत अंगठ्याखालचं चाक शटरचं आणि पुढच्या बोटाखालचं अॅपर्चरचं, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणारं. कॅननवर बोटाखालचं शटरचं आणि मागचं मोठं चाक अॅपर्चरचं. नर्तकी मध्यभागी आली, प्रकाश भडकला, मी शटर वाढवायला अंगठा फिरवला आणि अॅपर्चर बदललं. झूमची कडी दोन कंपन्यांत उलट्या दिशेला फिरते, फोकसचीही. जवळ आणायला गेले की ती लांब जायची. लेन्स काढायला आणि बसवायलासुद्धा उलट दिशा, त्यामुळे अंधारात लेन्स बदलताना दोनदा अडखळले. माझ्या कॅमेऱ्याचं चालू-बंदचं बटण शटरभोवती, एका बोटाने चालू होणारं. त्याच्या कॅमेऱ्याचं पाठीमागे, खाली. त्या संध्याकाळचे निम्मे फोटो वाया गेले. घरी येताना माझी खात्री पटली होती की हा कॅमेरा वाईट आहे.

दुसरा आठवडा अर्धा झाला तोवर बोटं वळायला लागली. तिसऱ्या आठवड्यात मी चाकांचा विचार करणं सोडून दिलं होतं. पहिल्या संध्याकाळी जे दोष म्हणून वहीत लिहिले होते त्यातले बहुतेक आता दोष उरले नव्हते, माझी सवय होती. उरलं ते थोडंच, पण ते खरं होतं. कमी प्रकाशात कडेला असलेल्या चेहऱ्यावर फोकस मिळवायला मला त्रास होत राहिला. डी७०० मध्ये ५१ फोकस बिंदू होते, ५डी मार्क २ मध्ये नऊ, आणि त्यातला मधला सोडला तर मला मंद उजेडात बाकीच्यांवर विसंबता येईना. उलट मागचं मोठं चाक मला इतकं आवडलं की आजही ते नसल्याची रुखरुख आहे. ते चाक कॅननने १९८९ च्या ईओएस-१ मध्ये आणलं होतं. अंगठा न उचलता गोल फिरवत राहायचं, मीटरचा काटा हवा तिथे आणायचा. इतकं सोपं काम इतक्या नीट करणारं दुसरं काही मी वापरलेलं नाही.

सहकाऱ्याची वही वेगळी होती. त्याला डी७०० चा फोकस आवडला, पण १२ मेगापिक्सेल त्याला कमी पडले, कारण तो मोठे प्रिंट करायचा आणि त्याच्या कॅमेऱ्यात २१ होते. त्यातून त्याला छोट्या चित्रफिती करायची कामं यायला लागली होती. ५डी मार्क २ मध्ये फुल एचडी व्हिडिओ होता, डी७०० मध्ये व्हिडिओच नव्हता. तीन आठवड्यांनी आम्ही बॅगा परत घेतल्या आणि दोघंही आपापल्या कंपनीत राहिलो. वाद मात्र संपला, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचं कारण हाताने कळलं होतं.

त्या प्रयोगानंतर मी सवय आणि पसंती यांत फरक करते. तीन आठवड्यांत जी तक्रार विरघळते ती सवय. जी उरते ती पसंती, आणि तिला मान द्यायचा. अंकांच्या तक्त्यांत ही दोन्ही दिसत नाहीत.

हाताबरोबर डोळा येतो, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. तुम्ही कोणता डोळा लावता? मी उजवा. माझी एक मैत्रीण डावा लावते. एफएम२ चा लिव्हर बाहेर काढल्याशिवाय शटर दबत नाही, आणि डावा डोळा लावणाऱ्याच्या कपाळात किंवा उजव्या डोळ्यात तो लिव्हर टोचतो. तिने आमच्या सरांचा कॅमेरा दोन दिवसांत परत केला. लायकाच्या एम मालिकेत खिडकी डाव्या कोपऱ्यात असते. उजवा डोळा लावला तर नाक मोकळं राहतं आणि डावा डोळा उघडा ठेवून चौकटीबाहेरचंही पाहता येतं. डावा लावला तर तो सगळा फायदा गेला, चेहराच कॅमेऱ्यामागे. मैत्रीण शेवटी ऑलिंपसच्या ओएम-१ वर स्थिरावली. १९७२ चा, योशिहिसा मैतानी यांनी आखलेला तो कॅमेरा त्या काळातल्या इतर एसएलआरपेक्षा, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्यांपेक्षा, बराच लहान होता, आणि त्यात शटरची कडी वर न ठेवता लेन्सच्या माउंटभोवती ठेवलेली. शटर, अॅपर्चर, फोकस, सगळं डाव्या हाताखाली, डोळा न हलवता. तिचे हात लहान आहेत, आणि मला वाटतं तिच्या कामातला तो निवांतपणा काही अंशी तरी त्या आकारातून आला आहे.

चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट तपासा: चष्म्यासकट चौकटीचे चारही कोपरे एकाच वेळी दिसतात का. काही व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतात, काहींत डोळा इकडेतिकडे फिरवावा लागतो. दुकानात हातात धरून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

आता रंगाचा मुद्दा, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त ऐकायला मिळेल तो हाच. "याचे स्किन टोन चांगले, त्याचा हिरवा कच्चा, याच्या निळ्यात जीव आहे." बॅगा बदलल्या त्या दिवसांत आम्ही हेही तपासलं. एकच नर्तकी, एकच प्रकाश, दोन्ही कॅमेरे शेजारी. कॅमेऱ्यातून थेट आलेल्या जेपेगचे प्रिंट पालथे घालून मिसळले, आणि मला कोणता कुठला ते ओळखता आलं. माझ्या कॅमेऱ्यातली त्वचा जरा पिवळसर, त्याच्यातली जरा गुलाबी. मग त्याच क्षणांच्या रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने रंग न लावलेला कच्चा माल, मी स्वतः एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, दोन्हीकडे पांढरा रंग एकाच राखाडी कार्डावरून जुळवला, त्वचा जुळवली, प्रिंट काढले. या वेळी माझं ओळखणं निव्वळ अंदाज होता. बरोबर आले तितकेच चुकले.

म्हणजे कंपनीचा रंग खोटा असतो का? नाही. सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे फिल्टर प्रत्येकाचे थोडे वेगळे असतात, आणि पिवळ्या दिव्यांचा ऊबदारपणा किती ठेवायचा, किती काढायचा याबद्दल प्रत्येक कंपनीचं स्वतःचं मत असतं. जेपेगमध्ये ते मत तुम्हाला तयार मिळतं. ज्यांना लग्नाच्या रात्रीच शेकडो फोटो द्यायचे आहेत त्यांना हे मत आपल्या मताशी जुळणारं असणं फार मोलाचं. फुजीफिल्मकडे वळलेल्या अनेकांचं कारण हेच आहे. त्या कंपनीने दशकानुदशकं फिल्म बनवली, आणि वेल्व्हिया, प्रोव्हिया, अॅस्टिया या आपल्याच फिल्मच्या नावांनी कॅमेऱ्यात रंगांच्या मांडण्या दिल्या. वेल्व्हियावर निसर्गाचे फोटो काढलेल्या माणसाला ते नाव दिसलं की काय मिळणार ते आधीच ठाऊक असतं. पण जो रॉ मध्ये काम करतो, तासभर बसून रंग लावतो, त्याने रंगासाठी कंपनी बदलू नये. त्याच्या रंगाचा मोठा भाग टेबलावर ठरतो. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांतले सेन्सर सोनीच्या कारखान्यात बनले आहेत, तरी लोक दोघांचे रंग वेगळे सांगतात, यावरून काय ते समजा.

सेन्सरमुळे खरा फरक पडलेले काळही होऊन गेले. २०१२ चा निकॉन डी८०० आला तेव्हा त्याच्या ३६ मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये काळोखात गेलेला भाग उजळला तरी तो स्वच्छ राहायचा, आणि त्या वेळच्या कॅननमध्ये तसं केलं की दाणे आणि पट्टे दिसायचे. डोंगरदऱ्यांचे फोटो काढणारे काही जण त्या एका कारणासाठी इकडे आले आणि ते कारण खरं होतं. पण चार वर्षांनी ५डी मार्क ४ मध्ये कॅननने तो फरक बराच भरून काढला. एका वैशिष्ट्यासाठी घर बदलणाऱ्याने हे लक्षात ठेवावं, की पुढच्या एक-दोन पिढ्यांत शेजारीही तिथे पोचतो.

माणसांबद्दल. फोटोग्राफरची पसंती जितकी यंत्रातून येते तितकीच आजूबाजूच्या माणसांतून येते, आणि हे निकॉनच्या बाबतीत तर इतिहासातच आहे. १९५० साली 'लाइफ' मासिकाचे डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. जुन मिकी या तरुण जपानी फोटोग्राफरने ८५ मिलिमीटरच्या निक्कॉर लेन्सने त्यांचा फोटो काढला. तो फोटो पाहून डंकन चकित झाले, निप्पॉन कोगाकूच्या, म्हणजे आजच्या निकॉनच्या, कारखान्यात गेले आणि त्यांनी त्या लेन्स आपल्या लायका बॉडीवर बसवून घेतल्या. थोड्याच दिवसांत कोरियाचं युद्ध सुरू झालं. तिथून त्यांनी पाठवलेले फोटो पाहून इतरांनी चौकशी केली, आणि तोवर पश्चिमेत फारशा कुणाला माहीत नसलेल्या लेन्स वार्ताहरांच्या बॅगांत दिसू लागल्या. मला ही घटना फार आवडते, कारण यात जाहिरात कुठेच नाही. एका फोटोग्राफरने दुसऱ्याचा प्रिंट पाहिला आणि विचारलं, हा कशाने काढलास?

रोजच्या कामात हे असं दिसतं: एखाद्या कार्यक्रमात तुमची लेन्स पडली, तर शेजारचा आपली काढून देऊ शकतो का? आमच्या गटात चौघं निकॉनवाले होते, म्हणून आमच्या चौघांची मिळून एक मोठी बॅग होती. ४०० मिलिमीटरची लेन्स एकाकडेच, पण ती सगळ्यांची. पाचवा सभासद वेगळ्या कंपनीचा होता. त्याचा कॅमेरा काही बाबतींत आमच्यापेक्षा सरस होता, तरी दोन वर्षांनी त्याने बदलला. नोकरीतल्या माणसाला तर हा प्रश्नच नसतो. असोसिएटेड प्रेसने २०२० मध्ये जाहीर केलं की त्यांचे फोटोग्राफर आणि व्हिडिओग्राफर जगभर सोनी वापरतील. त्यांनी ज्यावर हात बसवला त्याचंच पुढे प्रेम बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

दुरुस्तीही यातच येते. माझ्याकडे काही काळ एका वेगळ्या कंपनीची छोटी बॉडी आणि एक फार गोड लेन्स होती, रस्त्यावरच्या फोटोंसाठी. लेन्सचं अॅपर्चर अडकलं. सुटा भाग मिळणार नाही असं कळवण्यात आलं, कारण ती मालिकाच बंद झाली होती. वाईट वाटलं, अजूनही वाटतं. त्या लेन्सने काढलेले काही फोटो माझ्या सर्वात चांगल्या फोटोंत आहेत. कंपन्या हा धंदा सोडतात, हे तेव्हा अंगावर आलं. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेरे सोडले. मिनोल्टाने १९८५ च्या ७००० मॉडेलपासून ऑटोफोकस एसएलआर सर्वसामान्य केला होता, इतकी थोर परंपरा. त्यांचा ए माउंट सोनीने पुढे चालवला म्हणून त्या लेन्स जगल्या. ऑलिंपसचा कॅमेरा विभाग २०२१ च्या सुरुवातीला वेगळ्या कंपनीकडे गेला. कोणती कंपनी राहील याचं भाकीत करत बसू नका, पण तुम्हाला लागणारी दुसरी आणि तिसरी लेन्स आज त्या माउंटवर मिळते का, आणि बिघडली तर ती उघडणारा माणूस तुमच्या आवाक्यात आहे का, एवढं बघा.

मी स्वतः एकदा जवळजवळ सोडूनच जाणार होते. २०१७ मध्ये सोनीचा ए९ आला, सेकंदाला २० फ्रेम, व्ह्यूफाइंडर काळा न होता, आणि पूर्ण नीरव. शास्त्रीय गायनाच्या मैफलीत आलापाच्या वेळी माझ्या आरशाचा आवाज मला स्वतःला नकोसा व्हायचा. त्या आवाजामुळे मी कितीतरी क्षण सोडले आहेत. एका मैत्रिणीचा ए९ घेऊन मी दोन मैफली केल्या आणि पहिल्यांदा पहिल्या रांगेत बसून आलाप चालू असताना बोट दाबू शकले. ती पसंती खरी होती, तीन आठवड्यांनीही उरली असती. वर्षभर मन दोन्हीकडे ओढलं गेलं. २०१८ मध्ये निकॉनने झेड माउंट आणला, त्यातही नीरव शटर होतं आणि माझ्या लेन्स अडॅप्टरवर चालत होत्या, म्हणून मी राहिले. नसता आणला तर मी गेले असते आणि आज तुम्हाला सोनीबद्दल लिहीत असते.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, तो सगळ्यात चांगला आहे म्हणून नाही. सरांच्या लेन्समुळे सुरू झालं, हाताला वळण पडलं, चौघांच्या गटामुळे टिकलं, आणि कमी प्रकाशातल्या फोकसमुळे एकदा तावूनसुलाखून निघालं. त्यातलं शेवटचं तेवढं मी कमावलेलं म्हणेन.

तुम्ही आता असं करा. वर्षभर मावसभावाच्या कॅमेऱ्यावर काम केलं आहे, तेव्हा तुमची बोटं त्याच्याकडे झुकलेली असणारच. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा कुणाकडून तरी तीन आठवडे मागून घ्या, एखाद्या संध्याकाळपुरता नको. त्या काळात मावसभावाच्या कॅमेऱ्याला हात लावू नका आणि नेहमी काढता तेच फोटो काढा, चाचणीचे नकोत. तक्रारी रोज तारखेसह लिहा. तिसऱ्या आठवड्यात पहिलं पान वाचा आणि जे अजून टोचतं त्याखाली रेघ मारा. रेघ कुठेच आली नाही, तर मावसभावाच्या कंपनीचाच घ्या, म्हणजे त्याच्या लेन्स तुम्हाला मागता येतील. मला तशाच मिळाल्या होत्या. सरांची ती १०५ मिलिमीटरची लेन्स अजून माझ्या बॅगेत आहे, आणि गेल्या आठवड्यातल्या मैफलीत तीच लावली होती.